कच्चीनं बोलायचं नाई

गावाचं नाव सांगणार नाई. नोकरीचं अजून सव्वा वर्ष बाकी आहे माझं, अन् मले ते इथीच काढायचं आहे. जंगलातल्या एका तालुक्याचं सरकारी रुग्णालय समजा. आठ सिस्टर अन् एक डॉक्टर, तो बी कधी असते, कधी नसते. बाळंतपणं आम्हीच करतो. एकतीस वर्षांत माझ्या हातून किती लेकरं झाली ते मले ठाऊक नाई, पण बाजारात गेली का कोणी ना कोणी माय लेकराले पुढं ढकलते अन् म्हणते, बाईच्या पाया पड. मी केसर रामटेके. सगळे मले मोठ्या बाई म्हणतात. माझा आवाज मोठा आहे अन् राग त्याहून मोठा, हे आधीच सांगून ठेवते.

मागच्या डिसेंबरात आमच्या इथी एकच विषय होता, बुधरीची नोकरी. बुधरी म्हणजे आमच्यातली सगळ्यात नवी सिस्टर, कंत्राटी. माडिया आदिवासी पोरगी, पार आतल्या गावची. त्या गावातून शिकून सरकारी दवाखान्यात लागलेली ती पहिलीच. ऑगस्टमध्ये तिच्याच गावची सुकरी नावाची एक पहिलटकरीण आली. सकाळी दहाले पोरगा झाला, वार पडली, सगळं ठीक दिसलं. मी बुधरीले तिच्यापाशी उभं केलं अन् बाजूच्या खोलीत चहाले गेली. पाऊण तासानं परत येऊन पाहते तर काय, गादी भिजून रक्त खाली फरशीवर. बुधरी सुकरीचं पोट चोळून राह्यली होती, अन् तोंडातून चकार शब्द नाई. मग इंजेक्शनं, सलाईन, पळापळ, अँबुलन्स. सुकरी वाचली, पण तिची पिशवी काढावी लागली. एकवीस वर्षांची पोरगी, एका लेकरावर सगळं संपलं.

रागाच्या भरात मी रिपोर्ट लिहिला, 'सिस्टरने वेळेवर कळवले नाही.' ते खरंच होतं, तिनं कळवलंच नव्हतं. त्या एका ओळीवर बुधरीले नोटीस आली. जानेवारीत जिल्ह्याच्या साहेबांपुढं सुनावणी लागली. साहेबांनी ठपका ठेवला का तिचा करार तिथंच बंद, अन् मग दुसरीकडं बी कोणी घेणार नाई.

हे चालू असतानाच नंदिनी आली. घुग्घुसची पोरगी, बाप कोळशाच्या खाणीत. नागपूरले नर्सिंगचं मोठं शिक्षण घेऊन राह्यली होती. अभ्यासाचा विषय काय, तर बाळंतपणं करणाऱ्या सिस्टर एकमेकींशी कशा वागतात.

मी म्हणलं, "अव माय! यावर बी अभ्यास होते?"

"होते बाई," ती म्हणाली. "लय होते. बाहेरच्या देशात तर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत."

तिनं आठ फॉर्म वाटले. नाव लिहायचं नाई, कोणी कोणाचं वाचायचं नाई, भरून पाकिटात टाकायचं. पाचवा प्रश्न असा होता, 'कामाच्या ठिकाणी वरिष्ठांकडून आपला छळ झाला आहे काय?' आठच्या आठ जणींनी लिहिलं, 'नाही.' नंदिनीनं हे मले सांगतलं तेव्हा माझी छाती फुगली.

"मग लिहून टाक ना, हे रुग्णालय चांगलं आहे म्हणून."

"लिहीन. पण बाई, आठपैकी आठ 'नाही' मले अजून कुठीच भेटले नाई. शब्द चुकला का काय? तुमच्याकडं छळ म्हणलं का काय समजतात?"

मी म्हणलं, "सुनेवर रॉकेल ओततात तो छळ. पोलिसात जाते तो छळ."

"अन् नवीन सिस्टर येते, तिच्यासोबत काय करता?"

"तिले पक्की करतो."

नंदिनीनं पेन उचललं. मले कोणी असं बसून विचारलं नव्हतं कधी, म्हणून मी बी रंगात येऊन सांगतलं. आमच्या इथी नवीन आलेली सिस्टर म्हणजे कच्ची. तिले नावानं हाक मारायची नाई, 'ए कच्ची' म्हणायचं. लेबर रूममध्ये तिनं बसायचं नाई, सगळी ड्यूटी उभी. रक्ताचे कपडे तिनं धुवायचे. डॉक्टरले तिनं फोन करायचा नाई. अन् मोठा नियम हा, का कोणी विचारल्याबिगर कच्चीनं बोलायचं नाई. मोठ्या बाईले वाटलं पोरगी तयार झाली, का एक दिवस ती सगळ्यांपुढं म्हणते, 'बस आता.' मग पोरगी बसते, सगळ्यांसाठी चिवडा-पेढे आणते, अन् त्या दिवसापासून ती पक्की. हे म्यां सुरू नाई केलं. माझ्या आधीपासून आहे.

नंदिनीनं सगळं लिहून घेतलं. मग पाचव्या प्रश्नातला 'छळ' खोडला अन् नवीन कागदावर फक्त एवढंच लिहिलं, 'तुम्हाले पक्की कशी केली? किती दिवस लागले?' त्याच्या झेरॉक्स काढून परत वाटल्या.

बाप्पा! काय लिहिलं म्हणता पोरींनी! कागद पुरला नाई तर पाठीमागं लिहिलं. अन् लपवून नाई, एकमेकींले मोठ्यानं सांगत, हसत. दीपिका म्हणाली, "मी त्रेचाळीस दिवस उभी होती, सातव्या महिन्याचं पोट घेऊन! पाय असे सुजले का चपलेत जाईनात, मी आमच्या ह्यांची चप्पल घालून येत होती." सगळ्या खो-खो हसल्या. मी बी हसली. दीपिकाले म्यांच उभं केलं होतं. नंदिनी तेवढी हसत नव्हती.

"अन् बाई, तुम्ही?" तिनं विचारलं.

"एकसष्ट दिवस," मी म्हणलं. "आमच्या वेळची मोठी बाई लय कडक. पण शिकवलं बी तिनंच. पायाळू लेकरू कसं घ्यायचं ते तिच्याच हाताखाली शिकली मी. एक गोष्ट मात्र मी विसरली नाई. माझ्यासाठी पाण्याचा गिलास वेगळा ठेवत होती ती. खिडकीत. आम्ही बौद्ध ना."

"त्याच बाईनं?"

"त्याच बाईनं."

"म्हणजे गिलास बी तिचा अन् उभं ठेवणं बी तिचंच?"

इतक्या वर्षांत मी त्या दोन गोष्टी एका जागी ठेवल्याच नव्हत्या. गिलास म्हणजे अपमान, अन् उभं राहणं म्हणजे शिक्षण, असं मी धरून चालली होती. मी मोठी बाई झाली त्या दिवशी पहिलं काम काय केलं असन, तर तो गिलास उचलून उकिरड्यावर फेकला. उभं राहणं मात्र तसंच चालू ठेवलं.

मग नंदिनीनं तिच्या पुस्तकातलं सांगतलं. ती म्हणाली, ज्या माणसांवर वरून दाब येते अन् वर बोलायची सोय नसते, ती माणसं आपल्याच बरोबरीच्यांवर, आपल्याहून नव्यांवर तो दाब काढतात. डॉक्टर सिस्टरवर ओरडते, सिस्टर डॉक्टरवर ओरडू शकत नाई, मग ती कच्चीवर ओरडते. अभ्यास करणारे याले आडवी हिंसा म्हणतात.

"आडवी काऊन? आमच्या इथी तर उभी आहे!" मी म्हणलं. पोरी हसल्या.

पण मले राग आला होता. "हे मले काय शिकवून राह्यली तू? दर चौदा एप्रिलले मी वस्तीत माईकवर बोलते. वरच्यानं दाबलं म्हणून खालच्याले दाबू नका, हे माझंच भाषण आहे!"

"मग तुम्हाले तर सगळंच माहीत आहे, बाई," नंदिनी म्हणाली. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी तिले तिथंच सुनावलं असतं. "अजून एक सापडलं आहे अभ्यासात. जिथी नव्यांचं तोंड बंद असते, तिथी नुकसान नव्यांचं कमी अन् पेशंटचं जास्त होते."

दुपारी ती जेवायले गेली. पाकीट टेबलावरच राह्यलं. वाचायचं नाई म्हणून तिनं बजावलं होतं. मी वाचलं. खोटं काऊन बोलू? बुधरीचं अक्षर मले लगेच कळलं, रजिस्टरमध्ये रोज पाहत होती मी. बाकीच्यांनी पानं भरली होती. तिनं थोडंच लिहिलं होतं, शाळेत शिकवतात तशा भाषेत.

'मी अजून पक्की झाले नाही. चौदा महिने झाले. मे महिन्यात एका बाईचं बीपी फार वाढलं म्हणून मी सरळ डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आले, बाई वाचली. त्यानंतर मोठ्या बाईंनी मला एक महिना पेशंटला हात लावू दिला नाही. ऑगस्टमध्ये रक्त जास्त जात होतं. मी तीन वेळा दारापर्यंत गेले. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. बाईंनी विचारलं नाही.'

पहिले तर माझं डोकंच फिरलं. वीतभर पोरगी, माझ्यावर ढकलते? अव, रक्त जाऊन राह्यलं अन् तुले नियम सुचते? मी उठली, तिले हाक मारायले तोंड उघडलं, अन् तशीच परत बसली. मले आठवलं. त्या दिवशी चहाचा कप हातात होता. बुधरी दारात दिसली होती. मी म्हणलं होतं, 'काय भुतासारखी उभी आहे दारात? जाय पेशंटपाशी.' अन् ती गेली. माझंच ऐकून गेली.

मेमधलं बी आठवलं. डॉक्टर सगळ्यांपुढं म्हणाले होते, 'शाबास बुधरी, मोठ्या बाईंपेक्षा तुझं लक्ष आहे.' तेवढंच झोंबलं मले. तेवढ्यासाठी एक महिना.

नंदिनी परत आली तेव्हा मी तिले सांगतलं, "मी वाचलं." ती लालबुंद झाली. "बाई, हे काय केलं तुम्ही! त्यांनी विश्वासानं लिहिलं होतं. माझा अभ्यास बाद होऊ शकते." मी म्हणलं, "होऊ दे बाद. तो कागद साहेबाले दाखव, पोरीची नोकरी वाचते." तिनं पाकीट छातीशी धरलं. "नाई दाखवणार. तो कागद माझा बी नाई अन् तुमचा बी नाई. तुम्हाले जे माहीत आहे ते तुम्ही बोला." असं माझ्या तोंडावर बोलणारी पोरगी मी पहिल्यांदा पाह्यली. खरं सांगते, आवडली मले.

घरी आमच्या वामनरावांले सांगतलं. ते म्हणाले, "केसर, दीड वर्ष राह्यलं. तू खोटं थोडीच लिहिलं? तिनं नाई कळवलं, तू तेच लिहिलं. तोंड बंद ठेव अन् सुखानं रिटायर हो." मले हसू आलं. म्हणलं, तुम्ही बी मले कच्ची केलं का हो? अन् हसता हसता रडूच फुटलं. वामनराव घाबरले, पाणी घेऊन आले. त्या दिवशी मी जेवली नाई. भीती वाटत होती, हे बी सांगून टाकते. एकतीस वर्षांत माझ्या कागदावर एक लाल रेघ नाई.

सुनावणीले साहेबांच्या खोलीत एका बाजूले मी अन् दुसऱ्या बाजूले बुधरी. पांढरी साडी कडक इस्त्रीची, मान खाली. साहेबांनी माझा रिपोर्ट वाचला.

"सिस्टर, प्रश्न साधा आहे. रक्तस्राव होतोय हे तिने तुम्हाला कळवलं होतं का? हो की नाही, तेवढंच सांगा."

"नाई कळवलं," मी म्हणलं. बाजूचा क्लार्क टाईप करू लागला. "थांबा. पुरं लिहा. नाई कळवलं, कारण मी तिले बोलू देत नव्हती."

"म्हणजे?"

"आमच्या लेबर रूममध्ये नवीन सिस्टरनं विचारल्याबिगर बोलायचं नाई, असा नियम आहे. मी चालवते तो. आधी एकदा ती बोलली होती, बरोबरच बोलली होती, तर म्यां तिले शिक्षा केली. त्या दिवशी ती दारात आली होती. मी तिले हाकललं."

साहेबांनी चष्मा काढला. "असा नियम कुठे लिहिलेला आहे?"

"कुठी बी लिहिला नाई साहेब. लिहिला असता तर कोणीतरी खोडला असता."

"अहो, तोंडी गोष्ट रेकॉर्डवर कशी घ्यायची? अन् तुम्हाला समजतंय ना, याने ठपका तुमच्यावर येईल?"

"म्हणून तर लिहून देते." मी कागद मागितला अन् लिहिलं. सगळं लिहिलं, तारखेसकट, चहाच्या कपासकट. खाली सही केली. बुधरीनं एकदा बी वर पाह्यलं नाई.

निकाल पंधरा दिवसांनी आला. बुधरीचा करार वाढला. मले लेखी ताकीद मिळाली, अन् लेबर रूमचा चार्ज माझ्याकडून काढून दीपिकाले दिला. दीपिकाले म्यां त्याच दिवशी सांगतलं, आता कोणाले उभं ठेवायचं नाई, कच्ची-पक्की बंद. ती काय म्हणाली असन? "वा बाई! आम्ही त्रेचाळीस दिवस उभ्या राह्यलो ते काय फुकट गेले?" अन् ती गमतीनं बोलत नव्हती. तिले समजवायले मले आठ दिवस लागले, अन् अजून बी पुरतं पटलं नाई तिले.

बुधरी मात्र माझ्याशी कामापुरतीच बोलत होती. मले वाटत होतं, एकदा तरी काही म्हणन. चांगलं म्हणो, वाईट म्हणो. शेवटी म्यांच गाठलं तिले, कपडे वाळवायच्या तारेपाशी.

"बुधरी, तुले काही म्हणायचं नाई का मले?"

तिनं चादर झटकली, तारेवर टाकली. "साहेबाले सांगतलं, चांगलं केलं बाई. नोकरी राह्यली माझी." मग थांबली. "पण सुकरी दर बाजाराले मलेच विचारते. तू माझ्यापाशी होती, तुले दिसत होतं, तू काऊन नाई बोलली? गावातले बी विचारतात. म्हणतात, आपली असून गप्प बसली. माझ्या मायले बी बोलतात. सुकरीले तुम्ही सांगा."

साहेबापुढं मी घाबरली नव्हती एवढी त्या तारेपाशी घाबरली. साहेब काय, कागद घेते अन् दुसरा कागद देते.

"मले गोंडी येत नाई," मी म्हणलं. "मी सांगते, तू तिले सांग."

"मी नाई सांगणार. तुम्हीच सांगा. शब्द मी शिकवते."

अन् खरंच शिकवलं तिनं. तीन दिवस, ड्यूटी संपल्यावर. एवढंच वाक्य होतं, 'बुधरी बोलायले आली होती, मी तिले बोलू दिलं नाई.' माझी जीभ काही वळेना. मी चुकली का ती म्हणायची, "नाई बाई, परत." ना ओरडली, ना हसली. मी वीस वेळा चुकली असन, ती वीस वेळा 'परत' म्हणाली. असं बी शिकवता येते तर!

शुक्रवारच्या बाजारात सुकरी मोहाच्या झाडाखाली टोपलीत चिंच घेऊन बसली होती, पोरगं पाठीले बांधलेलं. मी तिच्यापुढं खाली बसली अन् ते वाक्य म्हणलं. एकदा म्हणलं, तिनं कपाळाले आठ्या घातल्या. तेव्हा परत म्हणलं. आता तिले समजलं. मग मी मराठीत म्हणलं, "चुकी माझी आहे सुकरी, बुधरीची नाई." तेवढी मराठी येत होती तिले.

सुकरी कितीतरी वेळ चिंचेतले चिंचोके काढत राह्यली. रडली नाई, शिव्या दिल्या नाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिनं मान वर केली अन् बुधरीले गोंडीत काहीतरी विचारलं. माझ्याकडं पाह्यलं बी नाई.

"काय म्हणते?" मी विचारलं.

बुधरी म्हणाली, "तिच्या जावेले आठवा महिना लागला आहे. विचारते, तिले आपल्या दवाखान्यात आणू का, का घरीच करू?"

'आण' म्हणायले माझं तोंड उघडलं होतं. एकतीस वर्षं मीच म्हणत आली, आणा, मी आहे ना. पण प्रश्न मले नव्हता. मी गप्प बसली.

बुधरीनं लगेच उत्तर दिलं नाई. तिनं विचार केला, चांगला पुरता विचार केला, अन् तेवढा वेळ माझा जीव टांगणीले लागला होता. ती नाई म्हणाली असती तर मी तिले काय म्हणणार होती? मग ती बोलली, अन् मले बी कळावं म्हणून मराठीतच बोलली.

"आण. मी आहे तिथी. मी बोलीन."